गाडी-ट्रॅक्टरच्या शेडची वेल्डिंग केलेली जड भिंत स्वतः उभी कशी करायची

मळ्यात गाडी, ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर ठेवायला शेड बांधायचं ठरलं तेव्हा आमच्याकडे दोन मतं होती. दादाचं म्हणणं, खांब एकेक उभे करू आणि मग शिडीवर चढून आडवे पाइप जोडू, सगळे तसंच करतात. मला ते पटत नव्हतं कारण १० फुटांवर एका हाताने पाइप धरून दुसऱ्या हाताने वेल्डिंग करायचं म्हणजे वेल्डिंगही वाकडं येतं आणि माणूसही कधी खाली येईल सांगता येत नाही, त्यापेक्षा अख्खी भिंत जमिनीवर आडवी झोपवून बनवायची, मापं घ्यायची, सगळे जोड खाली बसून नीट मारायचे आणि मग एकदाच उभी करायची. शेवटी तसंच केलं. पहिल्या प्रयत्नात फजिती झाली, ती पुढे सांगतोच, पण त्यानंतरच्या भिंती अशा उभ्या राहिल्या की बघायला आलेले लोक चहा संपायच्या आत घरी गेले.

हे सगळं एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साध्या लोखंडाच्या) चौकोनी पाइपच्या फ्रेमबद्दल आहे, कारण आपल्याकडे शेड म्हणजे तेच. तुमचं माप वेगळं असलं तरी हिशेब हाच लागतो.

माप असं धरा की डोकं कमी चालवावं लागेल

आमचं शेड २४ फूट बाय १८ फूट, भिंतीची उंची १० फूट. ही मापं उगाच नाही घेतली. २४ आणि १८ चा कर्ण बरोबर ३० फूट येतो, आणि २४ लांब १० उंच भिंतीचा कर्ण बरोबर २६ फूट. म्हणजे जोतं आखताना टेपवर ३० फूट आणि भिंत जुळवताना २६ फूट, एवढे दोनच आकडे ध्यानात ठेवायचे. गुण्या लावून चार कोपरे काटकोनात आणायला अर्धा दिवस घालवणारे मी पाहिलेत आणि शेवटी शेड तिरकंच. दोन्ही कर्ण सारखे आले की काटकोन आपोआप आला, गुण्या फक्त टॅक (जोड तात्पुरता धरणारा वेल्डिंगचा ठिपका) मारताना हाताशी ठेवा.

पायाबद्दल थोडक्यात. आमच्या चोपडा-यावल पट्ट्यात काळी माती खोल आहे, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगते, त्यामुळे खड्डे मातीतच थांबवू नका, मुरूम लागेपर्यंत खाली जा. काँक्रीट ओतताना त्यात जे-बोल्ट (इंग्रजी J सारखे वाकवलेले) सोडायचे, ते खांबाच्या जागी, एका सरळ रेषेत. ही रेषा पुढे फार कामाची आहे. काँक्रीटवर पाणी मारा आणि निदान ७ दिवस तरी भिंत उचलायचं नाव काढू नका, पूर्ण ताकद यायला २८ दिवस लागतात हे तर गवंड्याच्या पोरालाही माहीत असतं.

वजन काढल्याशिवाय माणसं बोलवू नका

"भारी आहे, दहा जण बोलाव" हा अंदाज चालत नाही. चौकोनी पाइपचं वजन काढायचं गणित अगदी सोपं आहे. बाहेरची बाजू मिलिमीटरमध्ये घ्या, त्यातून जाडी वजा करा, उरलेल्याला जाडीने गुणा आणि मग ०.०३१४ ने गुणा, एका मीटरचं वजन किलोमध्ये हातात. ७५ बाय ७५ चा ३ मिमी पाइप म्हणजे ७२ गुणिले ३ गुणिले ०.०३१४, साधारण ६.८ किलो. ५० बाय ५० चा २ मिमी पाइप ३ किलोला येतो.

आता आमची भिंत. उभे खांब ५, दर ६ फुटांवर, ते झाले १०४ किलो. खालचा आणि वरचा आडवा पाइप याच जाडीचा, ते ९९. मध्ये पत्रा बसवायला ५० च्या पाइपच्या दोन ओळी, ४४. दोन्ही टोकांच्या खणात एकेक तिरपा पाइप, २१. बेरीज साधारण २७० किलो धरा.

आडवी पडलेली भिंत एका कडेवर टेकून दुसरी कड उचलायची तर निम्मंच वजन हातावर येतं, म्हणजे १३५ किलो. सहा जणांत वाटलं तर प्रत्येकी साडेबावीस. युरियाची गोणी ४५ किलोची असते, म्हणजे माणशी अर्धी गोणी. आपल्याकडे गोण्या उचलत नाही असा माणूस शोधूनही सापडत नाही. तेव्हा उचलायच्या ताकदीची भीती सोडा, भिंत पडते ती ताकद कमी पडल्याने नाही, तिचा पाय सरकल्याने पडते, नाहीतर सरळ उभी होता होता पलीकडे गेल्याने पडते. माझी सगळी तयारी या दोन जागांसाठी असते आणि तुमचीही तिथंच असू द्या.

पत्रा आधीच खाली ठोकून टाकू, वर चढायची कटकट नको, असं वाटेल. मलाही वाटलं होतं. पण पत्र्याने आणखी शंभरेक किलो वाढतात आणि त्याहून वाईट म्हणजे भिंतीचं शिड होतं. २४ बाय १० म्हणजे २२ चौरस मीटर, ताशी ४० किलोमीटरचा वारा सुटला तर एवढ्या पत्र्यावर दीडशे किलोच्या वर ढकल बसते, आणि ४० चा वारा म्हणजे काही वादळ नाही, आपल्याकडे चैत्र-वैशाखात दुपारी तेवढा सुटतोच. शिवाय उघड्या फ्रेमचा एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. तुम्ही दोन खांबांच्या मधल्या मोकळ्या खणात उभे असाल आणि भिंत खाली आली तर ती तुमच्या आजूबाजूने जायची शक्यता असते. पत्रा असला तर ती शक्यताच नाही.

आमची फजिती

पहिल्या वेळी पायाला काहीच नव्हतं. खांबांच्या बुडाला पट्ट्या वेल्ड केलेल्या, त्यांना भोकं, आणि विचार असा की भिंत उभी केली की भोकं जे-बोल्टवर बसतील. कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात भिंत फिरत फिरत वर येते, पट्टी तिरकी येते आणि बोल्ट सरळ वर उभा असतो, ती त्यावर बसणार कशी? त्यासाठी अख्खी भिंत दोन-अडीच इंच अधांतरी उचलावी लागते. आम्ही सात जण, भिंत अर्धी वर, पट्टी बोल्टाच्या आट्यांना अडली, कोणीतरी पहार घालून बूड सोडवायला गेला आणि बूड जोत्यावरून सटकन बाहेर गेलं. वरची कड खाली आली ती विटांच्या ढिगावर टेकली म्हणून बरं. भाच्याच्या पायाचं एक नख गेलं, दोन खांब वाकले. एवढ्यावर निभावलं.

शेजारच्या मळ्यातले आबा सगळं बांधावरून बघत होते. विहिरीतून मोटर काढण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. ते एवढंच म्हणाले, "आधी पाय बांध भो, मंग डोकं उचल."

पायाला बिजागरी

मग आम्ही जे केलं ते नीट सांगतो, कारण सगळी गंमत इथेच आहे.

प्रत्येक खांबाच्या जागी आधी ८ इंची चौकोनी, १० मिमी जाडीची प्लेट जे-बोल्टवर बसवून नटाने पक्की केली. ही प्लेट भिंतीला नाही, जोत्याला आहे, ती भिंतीबरोबर उचलली जात नाही. प्लेटवर ८ मिमी पट्टीचे दोन कान उभे वेल्ड केले, ६ इंच उंच, आणि दोन्हींमध्ये खांब आरामात बसेल एवढं अंतर, म्हणजे ७५ च्या पाइपला ७८. कानांची तोंडं भिंतीच्या लांबीकडे, म्हणजे खांब त्यांच्यामधून पुढे-मागे फिरू शकतो पण बाजूला सरकू शकत नाही. कानांतून आणि खांबातून आरपार १६ मिमीचा बोल्ट. झाली बिजागरी.

आता भोक कुठे पाडायचं. खांबाच्या बुडापासून ५० मिमी वर भोक पाडलं तर फिरताना खांबाचा कोपरा बोल्टापासून ६२-६३ मिमी लांब जातो, म्हणजे कानातलं भोक प्लेटपासून निदान ६५ वर हवं, नाहीतर कोपरा प्लेटला घासून मध्येच अडकेल आणि तुम्हाला कळणारही नाही की भिंत जड का झाली. ६५ ठेवलं की खांब सरळ झाल्यावर त्याच्या बुडाखाली १५ मिमीची फट राहते, ती नंतर पट्टीचे तुकडे घालून वेल्डिंगने भरायची. प्लेटचे बोल्ट कोपऱ्यात असू द्या, मध्ये घेतले तर खांब फिरताना नटांवर आपटतो. आणि पोकळ पाइपमधून बोल्ट जातोय तेव्हा नट करकचून आवळू नका, पाइप चेपतो आणि बिजागरी जाम होते. आत जाड नळीचा बुश टाकला तर उत्तमच.

पाचही कानांची भोकं एका रेषेत पाहिजेत. एका दरवाजाला पाच बिजागऱ्या आणि त्यातली एक तिरकी, तर दार कसं चालेल तसंच. लाइनदोरी पहिल्या आणि पाचव्या कानाच्या भोकातून ताणून मग मधले तीन कान त्या दोरीवर टॅक करायचे. उंचीसाठी पाण्याची नळी. यात घाई केली तर पुढे पहारीने भरपाई करावी लागते आणि पहार आली की पाय सटकतोच.

भिंत झोपवून बनवणं

खांब कानात घालून, बोल्ट टाकूनच पहिली भिंत जुळवायला घ्या, वेगळीकडे बनवून आणून बसवू नका. आमच्या मापाने भिंत जोत्यापासून दीड इंच वर झोपते, म्हणून दीड इंची लाकडी गुटके सगळीकडे. वरच्या कडेखाली मात्र नंतर उचलायला बोटं जातील एवढी जागा लागते, तिथं वेल्डिंग संपल्यावर वीट सरकवायची.

खालचा आडवा पाइप कानांच्या वर येऊ द्या. पाइप बाजारात ६ मीटरचे म्हणजे वीस फुटांच्या आतच येतात, त्यामुळे २४ फुटांच्या आडव्याला जोड येणारच. तो जोड खांबाच्या डोक्यावर आणा, दोन खांबांच्या मध्ये नको, आणि खालच्या-वरच्या पाइपचे जोड एकाच खांबावर आणू नका.

आधी सगळीकडे फक्त टॅक. मग टेप लावून दोन्ही कर्ण मोजा, २६ फूट, ५ मिमी इकडे-तिकडे चालेल. कमी-जास्त असेल तर लांब कर्णाच्या कोपऱ्यावर हातोड्याने हळू ठोका, तिरपे पाइप टॅक करा, परत मोजा. मग पक्कं वेल्डिंग, तेही एका टोकाकडून सरळ दुसऱ्या टोकाकडे नाही, एकदा इकडच्या टोकाला एकदा तिकडच्या, नाहीतर उष्णतेने पाइप ओढला जातो आणि भिंत केळाच्या फणीसारखी वाकते. खालच्या बाजूचं वेल्डिंग भिंत उभी झाल्यावर मारायचं, वहीत लिहून ठेवा, विसरायला होतं. झिंक चढवलेला पाइप वेल्ड करत असाल तर धूर तोंडावर घेऊ नका, रात्री ताप भरतो.

रेड ऑक्साइड मारताना जिथं हाताने धरायचं तिथला पट्टा सोडून द्या. ओला असला तर हात घसरतो आणि सुकला तरी नव्या रंगावर घामाचा हात घसरतोच.

दुसरी समोरची भिंत पहिलीच्या अंगावरच बनवता येते, तीच साचा, म्हणजे दोन्ही हुबेहूब. फक्त ती नंतर पलीकडच्या कडेला सरकवायला खाली दीड इंची गोल पाइप टाका आणि लोळवत न्या. १८ फुटांच्या जोत्यावर १० फुटी भिंती दोन्ही शेजारी झोपत नाहीत, हे आम्हाला भिंती तयार झाल्यावर कळलं.

माणसांनी उचलायची तर

दिवस निवडताना आम्ही आखाजी (अक्षय तृतीया) धरली. कारण साधं, आखाजीला बहिणी माहेरी येतात, त्यांच्या मागे पाव्हणे आणि भाचे येतात, घर माणसांनी भरलेलं असतं आणि नाही कोणी म्हणत नाही. पण त्या दिवसांत नऊ वाजले की पाइपला हात लावला जात नाही आणि दुपारी वारा सुटतो, म्हणून काम सकाळी साडेसहाला सुरू आणि आठच्या आत बंद. वरण-बट्टी नंतर. आधी खाऊन कोणी भिंत उचलायला येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

उचलण्याआधी वर बघा. गंमत नाही करत. मळ्यात तारा कुठूनही गेलेल्या असतात, तुमची भिंत लोखंडी, पुढे सांगतो ती मोटर काढायची घोडी वापरली तर तीही लोखंडी, आणि भिंत पूर्ण उभी असताना नाही तर वर येताना मध्येच तिचं टोक किंवा दोर तारेकडे जातो. जवळून लाइन जात असेल तर महावितरणला सांगून सप्लाय बंद करून घेतल्याशिवाय उचलू नका, "थ्री फेज रात्रीची आहे, आता लाइन नाही" या भरवशावर तर मुळीच नाही.

आठ जण घ्या. सहा उचलायला, दोन मागच्या दोरांवर. मागचे दोर म्हणजे भिंतीच्या वरच्या पाइपाला दोन ठिकाणी बांधलेले, ज्या बाजूला भिंत झोपलीय त्या बाजूला जाणारे. उचलताना ते ढिले, पण भिंत सरळ व्हायच्या बेतात आली की तेच तिला पलीकडे जाण्यापासून धरतात. दोन दोरांचे दोन खुंट वेगळे, आणि दोर खुंटाभोवती दोन वेढे घालून सोडत जायचा, हातात गुंडाळून नाही. नुकतंच भरणं झालेल्या, म्हणजे पाणी दिलेल्या काळ्या मातीत खुंटाचा काही भरवसा नसतो, आम्ही एका बाजूला ट्रॅक्टर गिअरमध्ये, ब्रेक लावून, चाकाला दगड लावून उभा केला आणि त्यालाच दोर बांधला. ट्रॅक्टर उभा. चालता ट्रॅक्टर लावून भिंत ओढायची आयडिया कोणीतरी देईलच, नाही म्हणा. आडव्या भिंतीला समोरून जमिनीलगत दोर लावून ओढलं तर सगळा जोर बुडावर जातो, भिंत उठत नाही, आणि उठायला लागली की एकदम येते, क्लच सोडणाऱ्याला मागे काय चाललंय दिसत नाही.

आवाज देणारा एकच माणूस, आणि तो उचलणाऱ्यांतला नको. शब्द तीनच ठरवा: उचल, थांब, टेकव. "हळू हळू" हा शब्द बंद, कारण तो सगळेच ओरडतात आणि त्याचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा असतो.

पहिला टप्पा कमरेपर्यंत. इथं पोचलं की २०० लिटरचे रिकामे ड्रम वरच्या पाइपाखाली सरकवा, दोन टोकांना दोन आणि मध्ये एक, आणि टेकवा. आता पकड बदला. कमरेच्या उचलीतून छातीच्या आणि डोक्याच्या वरच्या ढकलीत जाताना हात क्षणभर सुटतात आणि अपघात नेमका त्याच क्षणी होतो, म्हणून ड्रम. दुसरा टप्पा म्हणजे भिंतीखाली शिरून पुढे चालत जाणं, हात खांबावरून खाली खाली बिजागरीकडे सरकत जातात. दोघांजवळ दीड इंची पाइपाला वर इंग्रजी यू सारखं बेचकं वेल्ड केलेल्या काठ्या द्या, ते मागून वरच्या पाइपाला बेचकं लावून ढकलत राहतील आणि कोणी दमला तर काठी जमिनीला टेकून भिंत धरूनही ठेवता येते. केळीच्या घडांना टेका देतो ते बांबू यासाठी नकोत, ते मोडतात तेव्हा आधी सांगत नाहीत.

भिंत वर येईल तशी हलकी होते असं सगळे म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. टोकाला धरून उचललं तर हलकी होते, पण तुम्ही चालत बिजागरीकडे जाता तेव्हा तुमची तरफ आखूड होत जाते. सगळ्यात जड जागा येते ४५ डिग्रीवर आणि तिथं लागणारा जोर असा काढायचा: भिंतीचं वजन गुणिले भिंतीची उंची, आणि त्याला हाताच्या उंचीच्या चौपटीने भागायचं. हात ६ फुटांवर धरले तर १० फुटी भिंतीला वजनाच्या ४२ टक्के, म्हणजे सुरुवातीला निम्मं वजन लागलं त्यापेक्षा कमीच. पण हीच भिंत १४ फुटी असेल तर ५८ टक्के, म्हणजे सुरुवातीला सहज उचलली ती मधे येऊन जड पडते, आणि तिथून ना पुढे जाता येतं ना मागे. १२ फुटांच्या वरची भिंत निव्वळ माणसांनी उचलू नका असं मी सांगतो ते या गणितामुळे.

घोडी आणि चेन पुली

माणसं कमी असतील किंवा भिंत उंच असेल तर विहिरीची मोटर काढायची तीन पायांची घोडी आणि एक टनाची चेन पुली, गावात कोणाकडे ना कोणाकडे असतेच. पण एक नाही, दोन लागतात. २४ फुटांची भिंत मधोमध एका जागी धरली तर दोन्ही टोकं लोंबतात आणि फ्रेम पिळते. दुसऱ्या आणि चौथ्या खांबाला, बुडापासून ८ फुटांवर पट्टा गुंडाळून हुक लावा. पट्टा लिफ्टिंगचाच घ्या, वजन लिहिलेला, नायलॉनचा दोर ताणला जातो आणि तुटला की चाबकासारखा मागे येतो.

घोड्या जोत्याच्या बाहेर, बिजागरीच्या रेषेपासून २ फुटांवर, आणि त्यांचं डोकं जोत्यापासून १२ फूट वर असू द्या. जेवढी घोडी बुटकी तेवढी साखळी आडवी होते आणि तेवढा जोर वाया जाऊन बुडावर जातो. या मापाने सुरुवातीला दोन्ही पुल्यांवर मिळून साधारण २२० किलो ओढ येते, म्हणजे एका पुलीवर ११०, एक टनाच्या पुलीला काहीच नाही. पण त्याच वेळी १४० किलोची आडवी ढकल भिंतीच्या बुडाला बाहेरच्या बाजूला बसते आणि तेवढीच ओढ घोड्यांच्या डोक्याला भिंतीकडे. बिजागरी असल्याने बुडाची काळजी नाही, घोडीला मात्र मागून ताण द्यावाच लागतो, पायाखाली फळ्याही.

साखळीची लांबी आधी मोजा, इथं आम्ही अडकलो होतो. सुरुवातीला घोडीच्या डोक्यापासून हुकपर्यंत साडेपंधरा फूट आणि भिंत सरळ झाल्यावर साडेचार, म्हणजे पुलीने ११ फूट उचललं पाहिजे. सर्रास मिळणारी पुली ३ मीटरची, म्हणजे १० फुटांच्या आत संपते आणि भिंत शेवटच्या फुटावर तिरकी लटकून राहते. ४ मीटरची पुली आणा, किंवा मधे बेचक्यांवर भिंत टेकवून, पट्टा आखूड करून परत हुक लावायची तयारी ठेवा.

दोन्ही पुल्या बरोबरीने चालल्या पाहिजेत. आम्ही हातसाखळीवर दर दहा कड्यांना पांढरा रंग लावला आणि आवाज देणारा "एक रंग" म्हणाला की दोघांनी एक रंग ओढायचा, थांबायचं. पोरांना कंटाळा आला, पण भिंत पिळली नाही. मागचे दोर इथेही लागतात, पुली फक्त ओढते, थोपवत नाही.

रस्ता असेल आणि हायड्रा (चाकांवरची क्रेन) मिळत असेल तर सरळ तोच बोलवा, मला यात कमीपणा वाटत नाही. बिजागरी आणि मागचे दोर तरीही करा.

उभी राहिली म्हणजे झालं नाही

भिंत ओळंब्यात आली की कोणीही टाळ्या वाजवून दोर सोडू नये. आधी तिरपे टेके, दोन्ही बाजूंनी, निदान दोन-दोन, भिंतीच्या दोन तृतीयांश उंचीवर लावलेले आणि खाली जोत्याला किंवा पक्क्या खुंटाला अडवलेले. टेके भिंतीला नुसते टेकवू नका, नटबोल्ट नाहीतर टॅक. मग ओळंबा दोन टोकांच्या खांबांना आणि मधल्याला, दोन्ही दिशांनी. त्यानंतर बुडाखालची १५ मिमीची फट पट्ट्यांनी ठासून भरा, कान आणि खांब वेल्ड करा, आणि मगच दोर सुटतील. आमच्या इथं हे होईपर्यंत साडेनऊ वाजले होते आणि बट्ट्या थंड झाल्यावरून घरात जे ऐकावं लागलं ते इथं लिहीत नाही.

एकटी भिंत रात्रभर टेक्यांवर सोडायची असेल तर टेके दुप्पट करा. मृगाच्या आधीची जी वादळं येतात, रावेर-यावलकडे एका तासात केळीच्या बागा आडव्या करून जातात, ती फोन करून येत नाहीत. जमेल तर समोरची भिंत त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या सकाळी उभी करून दोन्हींना वरून पाइपने जोडून टाका. मागची १८ फुटी भिंत वेगळी उचलायची गरज नाही, दोन उभ्या भिंतींच्या मधे पाइप जागेवरच वेल्ड होतात. पुढची बाजू गाडीसाठी मोकळी राहते, म्हणून तिथं कोपऱ्यांत तिरप्या पट्ट्या आणि वर जाड आडवा पाइप हवाच, नाहीतर अख्खं शेड त्या बाजूला हलतं.

टेके काढायचे ते छपराच्या कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे), त्यांच्यातले तिरपे पाइप आणि मागची भिंत पूर्ण झाल्यावर. छपराचा पत्रा आधी, भिंतीचा नंतर. पहिल्या जोराच्या पावसानंतर एकदा पाना घेऊन सगळे जे-बोल्ट फिरून बघा, काळी माती फुगून बसली की कुठलातरी एक ढिला झालेला असतो, आमचा पुढच्या डाव्या कोपऱ्याचा निघाला.